चावी मित्राची, जबाबदारी कोणाची?

वीकेण्डला दोस्ताची कार मागून घेणं ही आपल्या पिढीची सवयच. पण ती कार वाटेत ठोकली, तर इन्शुरन्स मिळतो का? भरपाई कोण देतं? आणि मैत्रीचं काय होतं? एका लग्नाच्या निमित्तानं मिळालेला हा महागडा धडा, तुम्हाला फुकटात.

शुक्रवारची संध्याकाळ. हिंजवडीतल्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये मित्रानं चावी माझ्याकडे फेकली आणि म्हणाला, ‘टाकी फुल करून आण, बस्स.’ एवढाच आमचा करार. ना कागद, ना अटी. मैत्रीत कसले कागद यार!

मामेबहिणीचं लग्न होतं. गाव नेर, जिल्हा यवतमाळ. जुनी माणसं अजून ‘नेर परसोपंत’ म्हणतात ते. अमरावती-यवतमाळ रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव पुण्यापासून रात्रभराच्या अंतरावर आहे. लग्नसराईत ट्रॅव्हल्सचं तिकीट म्हणजे विमानाच्या तिकिटाशी स्पर्धा. त्यात परत येताना मामीनं दिलेल्या डब्यांचं ओझं. मग कार हवीच. माझ्याकडे नव्हती, मित्राकडे होती. वाकडला राहणाऱ्या आतेभावाला उचललं आणि निघालो.

समृद्धी महामार्ग मस्त पार पडला. कारंज्याला उतरून आडव्या रस्त्याला लागलो. पहाटेचे साडेचार वाजले असतील. नेर दहा-बारा किलोमीटरवर राहिलं होतं. आतेभाऊ पेंगत होता. आणि कपाशीच्या शेतातून एक रोही सरळ रस्त्यावर आला.

रोही म्हणजे नीलगाय. विदर्भात रात्री गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला या प्राण्याची एक तरी गोष्ट माहीत असते. माझी गोष्ट अशी, की मी स्टिअरिंग फिरवलं, रोही वाचला आणि गाडी रस्त्याकडेच्या पुलियाच्या कठड्यावर जाऊन आदळली. एअरबॅग उघडल्या. माझ्या खांद्याला मुका मार बसला, आतेभावाचा हात मोडला. गाडीचं पुढचं सगळं तोंडच आत गेलं होतं.

अर्ध्या तासात मामा मोटरसायकलवर हजर. आम्हाला दोघांना चाचपून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘गाडी कोनाची व्हय रे?’

‘मित्राची.’

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘मंग पयले त्याले फोन लाव. जीव वाचला, लय झालं. गाडीचं पाहू.’

तो फोन लावायला मला जेवढं धैर्य लागलं, तेवढं अप्रेझलच्या मीटिंगलाही कधी लागलं नाही.

‘मालकच चालवत होता असं लिहा ना!’

लग्नाच्या मांडवात नवरा-नवरीपेक्षा आमच्या गाडीचीच चर्चा जास्त. आपल्याकडे प्रत्येक लग्नात एक ‘इन्शुरन्समधलं सगळं कळणारे’ काका असतातच. त्यांनी मला बाजूला घेतलं. ‘हे पाहा, पॉलिसी ज्याच्या नावावर, गाडी त्यानंच चालवली पाहिजे. दुसऱ्याचं नाव दिसलं की क्लेम गेला समजा. क्लेमच्या फॉर्मवर मित्राचं नाव टाका, तोच चालवत होता म्हणा. कोण पाहायला आलंय?’

आजूबाजूच्या चार माणसांनी माना डोलावल्या. खरं सांगतो, मलाही पटलं होतं. मित्राला फोन करून मी तसं सुचवलंसुद्धा. तो म्हणाला, ‘अरे, मी रात्री साडेनऊपर्यंत ऑफिसात होतो. पंच आऊट आहे माझं. सकाळी दूधवाल्याला पैसे दिलेत यूपीआयनं.’

मग मी डोकं चालवलं आणि अख्खी पॉलिसी वाचली. आयुष्यात पहिल्यांदा. आणि दिसलं ते हे, की काका साफ चुकले होते.

भारतातल्या खासगी कारच्या पॉलिसीत ‘ड्रायव्हर’ नावाचं एक कलम असतं. त्याचा अर्थ साधा आहे. विमा गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नाही. मालकाच्या परवानगीनं कोणीही गाडी चालवू शकतो. अट एकच, अपघाताच्या वेळी त्याच्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं चालू, वैध लायसन्स हवं आणि त्याला गाडी चालवायला बंदी झालेली नसावी. लर्निंग लायसन्सवाल्यालाही चालतं, पण शिकाऊ चालकाचे नियम पाळून. म्हणजे शेजारी लायसन्सधारक शिकवणारा आणि गाडीवर लाल ‘एल’.

म्हणजे माझं नाव लिहिण्यात काहीही धोका नव्हता. धोका होता तो खोटं लिहिण्यात. पोलिसांच्या नोंदीत एक चालक, दवाखान्याच्या कागदावर तोच जखमी आणि क्लेम फॉर्मवर मात्र सहाशे किलोमीटर दूर झोपलेला दुसराच माणूस! महत्त्वाची माहिती खोटी दिली, या एका कारणावर कंपनी अख्खा क्लेम नाकारू शकते. जो क्लेम खरं सांगून नक्की मिळणार होता, तो आम्ही खोटं बोलून घालवणार होतो.

तेव्हा मित्रहो, पहिला फंडा लिहून ठेवा. चालक कोण होता, हे कधीही, कोणाच्याही सांगण्यावरून बदलू नका.

‘फुल इन्शुरन्स’ म्हणजे नक्की काय?

कार मागताना आपण विचारतो, ‘इन्शुरन्स आहे ना?’ समोरचा म्हणतो, ‘आहे की!’ इथेच पहिली गफलत होते.

गाडीच्या विम्याचे दोन मुख्य भाग असतात. पहिला थर्ड पार्टी. हा मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १४६ नुसार सक्तीचा. तुमच्या गाडीनं दुसऱ्या कोणाला इजा झाली, कोणी दगावलं, कोणाच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई यातून मिळते. दुसरा भाग ओन डॅमेज. म्हणजे खुद्द गाडीचं नुकसान. हा ऐच्छिक. दोन्ही मिळून जे होतं, त्याला आपण ‘फुल इन्शुरन्स’ किंवा ‘फर्स्ट पार्टी’ म्हणतो. कंपनीच्या भाषेत ती पॅकेज पॉलिसी.

गंमत अशी, की सप्टेंबर २०१८ पासून नवी कार घेताना थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. ओन डॅमेज मात्र बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. वर्ष संपतं, मालक रिन्यू करायला विसरतो. पोलिसानं अडवलं तर कागद बरोबर असतात, कारण थर्ड पार्टी चालू असतो. पण गाडी ठोकली तर तिच्या दुरुस्तीला एक रुपया मिळत नाही. त्यामुळे ‘इन्शुरन्स आहे ना?’ असं विचारू नका. ‘ओन डॅमेज कधीपर्यंत आहे?’ असं विचारा.

आता गाडीत बसलेल्यांचं. माझ्या आतेभावाचा हात मोडला होता. त्याच्या उपचारांचं काय? खासगी वाहनावर फुकटात बसलेल्यांसाठी नुसती थर्ड पार्टी पॉलिसी पुरत नाही. २००६ साली तिलक सिंग प्रकरणात स्कूटरवर मागे बसलेल्याबाबत सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं. उलट पॅकेज पॉलिसीत कारमधले प्रवासीही येतात, हे २०१२च्या बालकृष्णन प्रकरणातल्या निकालानं पक्कं केलं. म्हणजे चार भावंडांना घेऊन तुम्ही मित्राच्या गाडीत निघालात आणि पॉलिसी फक्त थर्ड पार्टी असली, तर त्यांच्या भरपाईचा बोजा कंपनीवर न पडता तुमच्यावर आणि गाडी दिली म्हणून मित्रावर पडू शकतो. विचार करा, त्यानं बिचाऱ्यानं नुसती चावी दिली होती.

रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाचं काय?

माझ्यासमोर रोही आला. त्याऐवजी शेतावर निघालेला सायकलवाला आला असता तर? हा विचार अजूनही रात्री कधीकधी जागं करतो.

अशा वेळी कायदा तीन जणांकडे बघतो: चालवणारा, मालक आणि मालकाची विमा कंपनी. चूक चालवणाऱ्याची. पण गाडी मालकाच्या परवानगीनं रस्त्यावर आली, म्हणून भरपाईची जबाबदारी मालकावरही येते. आणि मालकाचा विमा असला की ते पैसे कंपनी भरते. दावा चालतो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे. अपघात कुठे झाला किंवा दावेदार कुठे राहतो, यावरून ते न्यायाधिकरण ठरतं. म्हणजे नेरजवळ अपघात झाला, तर पुण्यातल्या मालकाला यवतमाळचं समन्स येऊ शकतं.

मालक म्हणजे कोण? ज्याचं नाव आरसी बुकावर आहे तो. २०१८च्या नवीन कुमार प्रकरणात कार एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या हातात विकली गेली होती, पण आरटीओत नाव पहिल्याचंच राहिलं होतं. अपघात झाला आणि सुप्रीम कोर्टानं जबाबदार धरलं ते त्या पहिल्या मालकाला. तेव्हा ‘मी तर गाडी केव्हाच विकली’ म्हणणाऱ्यांनी आजच आरसी ट्रान्स्फर झालीय का ते बघा.

आणि चालवणाऱ्याकडे लायसन्सच नसेल तर? स्वर्ण सिंग प्रकरणात २००४ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की लायसन्स नव्हतं एवढ्यावरून कंपनी जखमीला वाऱ्यावर सोडू शकत नाही. मालकानं जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणानं अट मोडली, हे तिला सिद्ध करावं लागतं. अशा प्रकरणांत कोर्टं बऱ्याचदा ‘आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश देतात. जखमीला पैसे मिळतात, पण मालकाच्या दारात वसुली येते. हा आधारही फक्त तिसऱ्या माणसासाठी. लायसन्स नसलेल्यानं चालवली, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम कंपनी सरळ नाकारू शकते. शिवाय विनालायसन्स माणसाला गाडी दिली म्हणून मालकाला ५,००० रुपये दंड किंवा तीन महिने कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

अल्पवयीन मुलाच्या हाती चावी दिली, तर आणखी कडक. २०१९च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १९९अ मध्ये पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे कारनं दोन तरुण इंजिनीअर्सचा जीव घेतला, तेव्हा सगळ्या देशानं हे कलम नव्यानं वाचलं.

चालवणाऱ्याच्या जिवाचं मोल

आता सगळ्यात कमी माहीत असलेली आणि सगळ्यात जास्त हादरवणारी गोष्ट. उसन्या गाडीवर, स्वतःच्याच चुकीनं अपघात होऊन, चालवणाराच गेला तर त्याच्या घरच्यांना काय मिळतं?

तुम्ही म्हणाल, गाडीचा विमा आहे, मी मालक नाही, म्हणजे मी ‘थर्ड पार्टी’. लॉजिक बरोबर वाटतं. कोर्टाला मात्र ते मान्य नाही.

२००९ सालचं निंगम्मा प्रकरण बघा. एक माणूस दुसऱ्याची हीरो होंडा घेऊन आपल्या गावी निघाला होता. पुढे लोखंडी पत्रे नेणारी बैलगाडी होती, तिला धडकून तो गेला. बायकोनं मोटरसायकलच्या विमा कंपनीकडे भरपाई मागितली. सुप्रीम कोर्ट म्हणालं, मालकाकडून गाडी मागून घेणारा माणूस मालकाच्याच जागी येतो. आणि चूक कोणाची हे न पाहता भरपाई देणारं जे कलम तेव्हा होतं, त्याखाली मालक स्वतःच्याच विमा कंपनीकडे भरपाई मागू शकत नाही.

जानेवारी २०२०च्या रामखिलाडी प्रकरणात तेच. इथे तर दुसऱ्या मोटरसायकलवाल्याची चूक असल्याचं म्हणणं होतं. पण घरच्यांनी त्याच्या विमा कंपनीवर दावा न लावता, उसन्या गाडीच्या कंपनीवर लावला. हाती आले ते फक्त पॉलिसीतल्या पर्सनल ॲक्सिडेंट कव्हरचे एक लाख रुपये. धडा काय? समोरच्याची चूक असेल, तर दावा समोरच्या गाडीवर करा.

आणि अगदी अलीकडचं, २ जुलै २०२५चं. कर्नाटकात जून २०१४ मध्ये एक जण घरच्या माणसांना घेऊन दुसऱ्याच्या नावावरची कार चालवत होता. भरधाव वेगात ताबा सुटला, कार उलटली आणि तो गेला. कुटुंबानं ८० लाखांचा दावा केला. न्यायाधिकरणानं फेटाळला, हायकोर्टानं फेटाळला, सुप्रीम कोर्टानंही दखल दिली नाही. अपघात स्वतःच्याच बेदरकारपणानं झाला, तर वारसांना भरपाई मागता येत नाही.

मग उपाय? पॉलिसीत मालक-चालकासाठी १५ लाखांचं पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर असतं, पण ते नोंदणीकृत मालकाला धरून रचलेलं असतं. मागून आणलेल्या गाडीवर त्याच्या भरवशावर बसू नका. स्वतःची वेगळी अपघात पॉलिसी काढा. तुम्ही कोणाचीही गाडी चालवा, कुठेही बसा, ती तुमच्यासोबत असते. तिचा वर्षाचा हप्ता बघा आणि एका वीकेण्डच्या हॉटेलच्या बिलाशी ताडून पाहा. मी पाहिला आणि लाजलो.

पार्टी करून चावी मागू नका

डिसेंबर २००७ मध्ये दिल्लीत इंडिया गेटजवळ एक पोर्शे फूटपाथला धडकली, उलटली आणि जळून खाक झाली. कार एका कंपनीच्या नावावर होती, चालवत होता भलताच. विमा कंपनीनं क्लेम नाकारला, कारण चालवणाऱ्यानं दारू प्यायली होती. रक्ताच्या चाचणीचा आकडा समोर नव्हता. तरीही एप्रिल २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं विमा कंपनीचीच बाजू उचलून धरली. इतर परिस्थितीवरूनही नशा सिद्ध होऊ शकते, असं कोर्ट म्हणालं. प्यायला एक, बुडाला दुसरा!

असंच दुसरं कलम भाड्याचं. खासगी नंबरची कार भाड्यानं वापरली, तर पॉलिसीची अट मोडते. पेट्रोल भरून देणं वेगळं आणि ‘रोजचे दीड हजार देतो’ असं ठरवणं वेगळं. अशा वेळी क्लेम पूर्ण नाकारू नये, काही भाग द्यावा, असं अमलेंदू साहू प्रकरणात २०१० साली सुप्रीम कोर्टानं म्हटलं खरं. पण त्यासाठी मालकाला थेट दिल्लीपर्यंत जावं लागलं. तुम्ही जाणार आहात?

टोटल लॉसचं गणित

आमच्या गाडीकडे येऊ. क्रेननं ती अमरावतीच्या वर्कशॉपला नेली. सर्व्हेअर आला, फोटो काढले, माझं लायसन्स पाहिलं, दोन प्रश्न विचारले. मी खरं ते सांगितलं. दुरुस्तीचा अंदाज निघाला ३ लाख ९० हजार.

आता इथे आयडीव्ही नावाचा हीरो एण्ट्री घेतो. आयडीव्ही म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत. कंपनीच्या शोरूम किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा होतो: पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. मित्रानं पॉलिसी रिन्यू केली तेव्हा गाडीला तीन वर्षं झाली होती. शोरूम किंमत ६ लाख ६० हजार, वजा ३० टक्के, म्हणजे आयडीव्ही ४ लाख ६२ हजार.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की गाडी टोटल लॉस धरतात. आमची मर्यादा होती ३ लाख ४६ हजार ५००. खर्च त्याच्या पुढे. म्हणजे गाडी गेली. त्यातून सक्तीची वजावट १,००० रुपये (१५०० सीसीच्या वर इंजिन असतं तर २,०००). मंजूर झाले ४ लाख ६१ हजार.

वाटतं ना, सुटलो? थांबा. गाडीवर बँकेचं २ लाख ७० हजार कर्ज बाकी होतं. विम्याचे पैसे आधी बँकेकडे जातात. मित्राच्या हाती उरले १ लाख ९१ हजार. तीच गाडी नवी घ्यायची तर ६ लाख ६० हजार, वर आरटीओ टॅक्स आणि नवा विमा. तीन वर्षं क्लेम न केल्यामुळे जमलेला ३५ टक्के नो क्लेम बोनस शून्यावर आला. क्रेनचं बिल, वर्कशॉपचं पार्किंग आणि दोन महिने मित्राचा रोजचा कॅबखर्च वेगळाच.

विमा कंपनीनं तिचं काम चोख केलं होतं. तरीही माझ्यामुळे मित्र खड्ड्यात होता. पॉलिसी जिथे संपते, तिथून मैत्रीचा प्रश्न सुरू होतो, तो असा.

घोड्याची गोष्ट

कायद्यानं मी त्याचं काही देणं लागत होतो का? वकील असलेल्या एका मैत्रिणीला विचारलं. ती हसली आणि म्हणाली, ‘तुझ्या गाडीचं उत्तर घोड्यांच्या गोष्टीत आहे.’

भारतीय करार कायदा १८७२चा. तेव्हा गाड्या कुठल्या! पण वस्तू उसनी दिली-घेतली तर काय, हे त्यात घोड्याच्या उदाहरणांनी सांगितलंय. उसनी वस्तू घेणाऱ्यानं ती स्वतःच्या वस्तूइतकी, शहाण्या माणसासारखी जपायची. तशी जपूनही नुकसान झालं, तर वेगळं काही ठरलेलं नसताना तो जबाबदार नाही. पण ठरल्याबाहेर वापरली तर खेळ खलास. अ नं ब ला घोडा फक्त स्वतः बसायला दिला. ब नं तो घरातल्या क ला दिला. क नं नीट चालवला, तरीही घोडा पडून जखमी झाला. भरपाई कोणी द्यायची? ब नं! दुसऱ्या उदाहरणात घोडा बनारसला जायला घेतला आणि स्वारी कटकला गेली. तिथेही तेच.

आता घोड्याच्या जागी मित्राची कार ठेवा. ‘तू चालव’ म्हणून दिलेली कार तुम्ही वाटेत भावाच्या हाती दिली. ‘लोणावळ्याला जातो’ म्हणून नेली आणि गोव्याला पोचलात. तुम्ही कितीही सांभाळून चालवली असेल, तरी नुकसान तुमच्या खाती.

बाजू मालकावरही उलटते. खोडकर घोडा खोड न सांगता दिला आणि स्वार पडला, तर देणारा जबाबदार. ब्रेक लागत नाहीत हे माहीत असून गप्प बसलेल्या मालकानं हे वाचून ठेवावं.

मी ठरलेल्या गावीच निघालो होतो, स्वतःच चालवत होतो, प्यायलेलो नव्हतो. कायद्यानं कदाचित सुटलोही असतो. पण संध्याकाळी त्याच्याच शेजारी बसून चहा प्यायचा होता ना!

शेवटी आम्ही दोघं एका कागदावर बसलो. वजावट, क्रेन, पार्किंग आणि कॅबचा खर्च पूर्ण माझा. बुडालेल्या नो क्लेम बोनसइतका फरक माझा. जुन्या आणि नव्या गाडीतल्या फरकाचा अर्धा भाग माझा, दहा हप्त्यांत. तो नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. मामांनी फोनवर एकच वाक्य सांगितलं होतं, ‘त्याचे पैसे ठेवजो नको बापा, दोस्त मंग भेटत नाही.’

चावी देण्याघेण्याआधी: झटपट चेकलिस्ट

• घेणाऱ्यानं: ओन डॅमेज आणि थर्ड पार्टी, दोन्हीच्या तारखा बघा. आरसी, पॉलिसी, पीयूसी मोबाइलवर मागून घ्या. स्वतःच्या लायसन्सची मुदत तपासा.

• देणाऱ्यानं: समोरच्याचं लायसन्स डोळ्यांनी बघा, त्याचा फोटो ठेवा. तसं करण्यात लाज कसली? लायसन्स पाहिलं होतं, हाच उद्या तुमचा बचाव असतो.

• दोघांनी: कोण चालवणार, कुठे जाणार, कधी परत येणार, एवढं तरी मेसेजवर लिहा. दोन ओळी पुरतात.

• पैशाचं आधीच बोला: वजावट कोणाची, बोनस बुडाला तर कोणाचा, हे चावी घेतानाच ठरवा. ठोकल्यावर बोलणं फार जड जातं.

• झीरो डेप घेतला असेल, तर सुट्या भागांवरचा घसारा कापला जात नाही. नसेल, तर प्लास्टिक-रबरच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात. टोटल लॉसमध्ये मात्र झीरो डेपचा उपयोग नाही. तिथे ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ कव्हर कामी येतं.

• अपघात झाल्यावर: आधी जखमींकडे बघा. मग फोटो, पोलिसांना खबर, मालकाला फोन आणि लगेच विमा कंपनीला कळवा. सर्व्हेअरनं पाहिल्याशिवाय दुरुस्ती सुरू करू नका.

• क्लेम अडला तर: आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार. मग आयआरडीएआयचं ‘बिमा भरोसा’ पोर्टल, विमा लोकपाल किंवा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्यानुसार ग्राहक आयोगाकडे तुम्ही राहता किंवा काम करता तिथेही तक्रार करता येते.

परवा मित्रानं नवी कार घेतली. पेढ्याचा बॉक्स घेऊन माझ्या डेस्कवर आला. मी पेढा तोंडात टाकला आणि म्हटलं, ‘पॉलिसी दाखव.’

त्यानं मोबाइल पुढे केला. पॅकेज पॉलिसी, झीरो डेप, रिटर्न टू इनव्हॉइस, सगळं होतं. मग त्यानं खिशातून चावी काढली आणि विचारलं, ‘मामेबहीण पहिल्यांदाच दिवाळसणाला येणार म्हणालास ना? नेरला कसा जाणारेस?’

मी ट्रॅव्हल्सचं तिकीट दाखवलं. खिडकीची सीट. आता रोही दिसला, तरी लांबूनच बघीन म्हणतो.